एकविसावा ठिपका

आमच्या इमारतीत कोण कोणाशी बोलतं, याचा मी नकाशा केला. बाकीच्या वीस घरांचे वीस ठिपके आणि बोलणाऱ्यांमध्ये रेघा. निवृत्त समाजशास्त्रज्ञाला दुसरं काय जमणार?

बहीण फोनवर म्हणाली, "दादा, तुझा ठिपका कुठाय?"

"संशोधकाने स्वतःला मोजायचं नसतं गं."

खरं म्हणजे बायको गेल्यापासून माझ्या ठिपक्यातून रेघ कोणाकडे काढायची, हाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी नकाशाच्या कोपऱ्यात एकविसावा ठिपका होता. खोडला, तर पुन्हा आला. मग त्यातून रेघ निघाली आणि रोज बोटभर वाढू लागली. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे निघाली होती. तुम्ही कोणाशी बोलता, या प्रश्नाला त्याने 'कोणाशीच नाही' असं उत्तर दिलं होतं.

मी टक लावून बसलो की रेघ हलायची नाही. लाजत असावी.

आज चहाचं आधण ठेवून परत येतो, तर रेघ शिंप्याच्या ठिपक्याला टेकलेली.

बेल वाजली. दारात शिंपी, गळ्यात टेप.

"सर, आमच्या फरशीतून शाईची रेघ वर आलीय. माप घेतलं, तुमच्याकडूनच येतेय. आत येऊ का?"

मी आधणाकडे पाहिलं. पाणी दोन कपांचं होतं.