बारामती दर्शन

"आता कारंजं लागंल बघा," दीपक म्हणाला, आणि आबांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. नदीकाठच्या त्या बागेत पोरानं त्यांना दुसऱ्यांदा आणून बसवलं होतं. कारंजं काही लागलं नाही. बाप-लेक बाकावर बसून कोरड्या हौदाकडं बघत राहिले.

जोतीराम आबा जवळच्याच कळस गावचे, पोराकडं चार दिवस राहायला आलेले. बाजार, दवाखाना, कोर्टाची तारीख, सगळ्याला बारामतीच. उभा जन्म इथं खेपा घालण्यात गेलेला, आणि आता पोरगा त्यांना बारामती दाखवत होता! रोज सकाळी मोबाईलमध्ये डोकं घालायचा, फिरायला जाण्याजोगी ठिकाणं शोधायचा आणि आबांना मोटारसायकलवर मागं बसवून निघायचा. वनउद्यान झालं. सरकत्या जिन्याचं दुकान झालं, तिथं आबांचं धोतर अडकता अडकता राहिलं. एक दिवस थेट भिगवणला नेऊन परदेशी पाखरं दाखवली. ती पाखरं उजनीचं धरण झाल्यापासून आबा बघत आले होते, पण पोराचा हिरमोड नको म्हणून वा वा म्हणाले.

मन सगळं घराकडं. गुडघे बोलायला लागलेले. म्हशीची धार शेजारची सारजा काढत होती, आणि म्हैस परक्या हाताला आटून गेली असणार ही एक काळजी. आबा रोज म्हणायचे, उद्या जातो. दीपक रोज म्हणायचा, कंपनीनं सुट्टी दिलीय तर राहा की, पुन्हा कुठली मिळतीय. सून स्वरूपाही आग्रह करायची. वडिलांसाठी नवऱ्यानं एवढी सुट्टी काढली याचं तिला भारी कौतुक. माहेरी फोनवर सांगायची. पण आज आबांनी निक्षून सांगितलं होतं, उद्या पहिल्या एसटीनं मी चाललो.

बाकावर बसल्या बसल्या त्यांना आठवलं. एवढी सगळी बारामती पालथी घातली, पण पोराची कंपनी काही बघितली नाही.

दीपकनं नाना सबबी सांगितल्या. आत सोडत नाहीत, लांब आहे, तिथं बघण्यासारखं काय आहे. आबा हट्टाला पेटले, बाहेरूनच दाखव म्हणाले. त्यांना त्या कंपनीचा अभिमान होता. सोयरीक जमवताना स्वरूपाच्या वडिलांनी पहिला प्रश्न नोकरीचाच विचारला होता. भर बैठकीत आबांनीच छाती पुढं काढून सांगितलं होतं, पोरगा पर्मनंट हाय. त्या एका शब्दावर सुपारी फुटली होती.

एमआयडीसीत कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. दोघं तिथं टेकले. पाळी सुटली आणि मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडला. आबा एकेका पोराकडं कौतुकानं बघत होते. त्यातली एक गाडी वळून टपरीपाशी आली. अविराज, दीपकच्याच खात्यातला. त्यानं आबांना नमस्कार केला आणि दीपकला विचारलं, "लागलं का रं कुठं? ठेकेदारानं तुमास्नी काढल्यापासनं आजून एकालाबी काम न्हाय म्हणं."

दीपकचा चेहरा बघून अविराजच्या लक्षात आलं, आपण भलतंच बोलून बसलो. ओळखीत विचारून बघतो असं काहीतरी पुटपुटत त्यानं गाडी काढली.

आबा हातातल्या चहाकडं बघत बसले. त्यांची स्वतःची सगळी नोकरी साखर कारखान्यात हंगामी. गाळप संपलं की घरी. दीपक बारा महिने कामावर जायचा. बारा महिने जातो तो पर्मनंट, एवढंच त्यांना कळत होतं. ठेकेदाराच्या हाताखालीही माणूस बारा महिने राबतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि चार पाहुण्यांत बापाचा शब्द खोडायची पोराला लाज वाटली होती. आबांना आधी पोराचा राग आला. मग स्वतःचा आला. मग नुसतंच भडभडून आलं.

"स्वरूपाला म्हाईत न्हाय, आबा," दीपक खाली मान घालून म्हणाला. "तुमी हाय तवर सुट्टी म्हणून निभतंय. तुमी गेल्यावर सकाळी उठून मी कुठं जाऊ?"

आबांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. त्यांच्या वेळी घरी बसलेल्या माणसालाही ठाऊक असायचं, दसरा झाला की बॉयलर पेटणार आणि बोलावणं येणार. इथला दसरा कधी, ते कुणाला ठाऊक? जमवून ठेवलेली चार वाक्यं आबांनी गिळली. दोघं तसेच उठले आणि घरी आले.

स्वरूपानं सकाळच्या प्रवासासाठी धपाटे करून फडक्यात बांधून ठेवले होते, वर चटणीची पुडी. ताटं वाढता वाढता तिनं हसत विचारलं, काय मग आबा, झालं का सगळं बघून?

दीपक ताटात बघत होता. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि नुसताच हातात धरून ठेवायचा. आबांनी त्याच्याकडं बघितलं. लहान होता तेव्हा मार चुकवायला तो असाच मान खाली घालून जेवायचा. आता त्याला वाचवायला त्यांच्याकडं ना ओळख होती, ना वशिला.

"ते धपाटे सोड, पोरी. आताच खाऊ," ते सुनेला म्हणाले. "येवढ्यात काय मी जात न्हाय. मला बारामती लय आवडली."