पाळीवरची बदकं

पंचायत समितीच्या बैठकीत साहेबांना गावचा तलाव दाखवायचा होता. सरपंच मालनबाईंनी पुतणी मोनाला लॅपटॉपसमोर बसवलं. नुसता फोटो सुना वाटला, म्हणून मोनाने स्लाइडवर चालती बदकं टाकली.

"काढ ते बदकं. आपल्या तलावात एक तरी हाये का?"

"राहू दे वं मोठीमाय. साहेब जागे तं राहतील."

बैठकीत साहेब पेंगतच होते. मालनबाई म्हणाल्या, "मोना, क्लिक कर," आणि बदकं रांगेनं पाळीवरून, तलावाच्या बांधावरून, पाण्यात उतरली. साहेब सावरून बसले. पुन्हा दाखवायला लावलं. मग म्हणाले, "रविवारी मुलांना घेऊन येतो. बदकं बघायला."

मालनबाईंनी शनिवारी तुमसरहून बदकं आणवली. रविवारी साहेब, बाईसाहेब आणि मुलं तलावाच्या पाळीवर उभी राहिली. बदकंही पाळीवरच उभी, पाण्याकडे पाठ करून. दाणे टाकले, हुसकलं, तरी हलेनात. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मालनबाई पदर सावरत पुतणीच्या कानाशी वाकल्या.



"मोना, क्लिक कर ना वं."