ठमीचं वळण

"नाव बदलायचं असेल तर आत्ताच सांगा," ओव्हरसियर म्हणाले. "पाटी एकदा मुंबईहून तयार होऊन आली की काही करता येणार नाही."

सगुणा अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिचा हात थांबला.

नगरपालिकेनं गावच्या रस्त्यांना दिव्याच्या पाट्या लावायचं ठरवलं होतं. आत दिवा, वर काच आणि काचेवर नाव. वीज नुकतीच आली होती. मिठाच्या लॉऱ्या दिवस मावळला तरी धावत असत, आणि परगावच्या ड्रायव्हरला गल्ली कुठं, वळण कुठं काही कळत नसे. बाकीच्या रस्त्यांना नावं होती. मिठागराकडच्या या वळणाला काहीच नव्हतं. सगुणाची लेक ठमी इथं लॉरीखाली सापडली, तेव्हापासून सारं गाव त्याला ठमीचं वळण म्हणू लागलं होतं.

दुसरं कायबी नाव द्या, सगुणा म्हणाली. ओव्हरसियर भला माणूस होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"देतो. पण या नावाला गावचे ड्रायव्हर गाडी हळू घेतात, बाई. दुसऱ्या नावाला कोण घेईल?"

सगुणानं नवऱ्याकडं पाहिलं. काळूराम जमिनीकडं बघत होता. शाळा सुटली होती आणि लोकांची पोरं त्याच वळणावरून घरी येत होती. तिला नाही म्हणवेना, हो म्हणायला तोंड उघडेना. तिचं गप्प राहणं हाच होकार धरून ओव्हरसियर गेले.

पाटी घरासमोरच लागली. सगुणाला वाचता येत नव्हतं, पण तो गोल ठ ती ओळखत होती. ठमीनं चुलीमागची सगळी भिंत कोळशानं ठ गिरवून काळी केली होती. रोज दिवेलागणीला लेकीचं नाव पेटायचं आणि त्याचा उजेड उंबऱ्यातून आत यायचा. तिनं दाराला गोणपाट लावलं. उजेड त्यातूनही झिरपायचा. पाटी लागल्यापासून वळणावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं काळूराम म्हणायचा. ते खरंच होतं.

मग घाटावरच्या लॉऱ्या येऊ लागल्या. त्या ड्रायव्हरांना ठमी कोण ते काय ठाऊक? वळणावर एवढं दिव्यात लिहिलेलं नाव म्हणजे देवीचंच असणार, असं त्यांनी धरलं. एकानं खांबापाशी नारळ फोडला. दुसऱ्यानं कुंकू लावलं. मग झेंडूच्या माळा आल्या. काळूराम एकदा त्यांना समजावून सांगायला गेला आणि तसाच परत आला. हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणाला. सगुणा ओल्या फडक्यानं कुंकू पुसायची. दुसऱ्या दिवशी ते परत असायचं.

एका संध्याकाळी ती अशीच खांब पुसत होती. एक लॉरी कडेला थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, वहाणा काढल्या, पाटीपुढं डोळे मिटून उभा राहिला. साताऱ्याकडचा होता. त्याची लहानगी तापानं फणफणली होती, डॉक्टरनं हात टेकले होते आणि मालक रजा देत नव्हता. सगळं त्यानं आपणहून सांगितलं. देवीची सेवेकरीण समजून तो सगुणाच्याही पाया पडला. तिला मागं सरायलाही सुचलं नाही.

"मावशी," त्यानं विचारलं, "देवी हाकेला धावते न्हवं?"

सगुणानं पाटीकडं पाहिलं. काळूरामलाही तिनं जे कधी सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या माणसापुढं तिच्या तोंडून गेलं.

"धावली व्हती. रस्त्याच्या पल्याडनं मीच हाक मारली व्हती."