चार्ज देताना

बाबांनी कोरा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "लायसन परत करायचंय. इंग्रजीत अर्ज लिहून दे, मास्तरीणबाई."

मास्तरीणबाई म्हणजे त्यांची थोरली, शाळेत इंग्रजी शिकवणारी. चहाचा कप हातात धरून ती नुसती बघतच राहिली. दोन वर्षं ती आणि आई गाडी सोडा म्हणून हात धुऊन मागे लागल्या होत्या आणि दोन वर्षं बाबांनी जराही दाद दिली नव्हती. सदतीस वर्षं बस चालवली, निवृत्त झाले, तर दुसऱ्याच आठवड्यात शाळेची बस धरली. असा माणूस! आणि आज सकाळी सकाळी, कुणी काही न म्हणता, अर्ज!

मत बदलायच्या आत उरकावं म्हणून तिनं झटक्यात पेन उघडलं. "आय विश टू सरेंडर माय लायसन्स..."

"सरेंडर? ते दरोडेखोर करतात. हात वर करून."

"अहो बाबा, सरकारी शब्दच तो आहे."

"असेल. मी कुणाला लुटलंय?"

खोडलं. "बरं, गिव्ह अप?"

"ते तुझ्या मामानं सिगारेटला केलं. चार वेळा."

स्वयंपाकघरातून आईचं खुदकन हसू आलं. मग थोरलीनं ठेवणीतला शब्द काढला, रिलिंक्विश. बाबांनी तो तोंडात घोळवून पाहिला आणि मान हलवली. "दातात अडकतो."

"मग तुम्हीच सांगा! डेपोत काय म्हणायचात?"

"डेपोत?" बाबा खुर्चीत सरळ झाले. "डेपोत चार्ज द्यायचो. हँडिंग ओव्हर. ड्यूटी संपली की पुढच्या ड्रायव्हरला गाडी द्यायची, वहीत लिहून."

"हँडिंग ओव्हर! झकास!" तिनं लिहून टाकलं. "झालं. करा सही."

"झालं कुठे? गाडीत बिघाड काय, तो लिहिल्याशिवाय चार्ज देता येत नाही. आपण लपवायचं आणि पुढच्यानं निस्तरायचं, असं नसतं."

"पण इथे गाडी कुठे आहे बाबा?"

बाबा कागदाकडे बघत होते. "लिही. डावा डोळा. अंधुक झालाय. कडेचं तर दिसतच नाही."

तिचं पेन थांबलं. आतली भांड्यांची खळखळही थांबली.

"कधीपासून?"

"सहा महिने. डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता पाठ केला होता मी." त्यांनी कागद सरळ केला. "काल शाळेच्या फाटकापाशी एक पोरगी उतरली, डावीकडून गाडीच्या पुढे आली. मला दिसलीच नाही. बसमधल्या ताई किंचाळल्या म्हणून ब्रेक मारला." त्यांनी टेबलावर वीत उघडून दाखवली. "एवढं."

थोरली हळूच म्हणाली, "हे नको लिहायला. ड्यू टू अॅडव्हान्सिंग एज लिहिते. सभ्य दिसतं. लायसन तसंही घेतीलच ना?"

"वयावर ढकलू नकोस गं. तुझे आजोबा ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायचे."

ती लिहायला लागली. सहा महिने लिहिलं, तक्ता लिहिला, फाटक लिहिलं. मोठा शब्द एकही सापडला नाही. शेवटची ओळ तर पाचवीतल्या पोरांनाही आली असती: आय डिड नॉट सी हर.

बाबांनी ओळीवरून बोट फिरवलं, सही केली आणि पेन तिच्यापुढे धरलं. "आता तुझी. चार्ज घेणाऱ्याची."

"मला कुठे बस चालवता येते?"

"चालवायची नाही. बिघाड कळला, एवढ्यासाठी सही असते."

तिनं सही केली. आई पदराला हात पुसत केव्हाची दारात उभी होती.

"जरा वर करायचीस," ती म्हणाली. "खाली माझ्याही सहीपुरती जागा राहिली असती."