मंगलच्या घरातलं शूटिंग

बोरी गावात मंगलच्या घरी नवरा-बायकोच्या भांडणाच्या सिनेमाचं शूटिंग लागलं. हिरोईन किंचाळायला लागली की आवाज नको म्हणून सगळी आळी चिडीचूप व्हायची.

मंगलच्या दंडावरचा वळ बघून हिरोईनने हळूच विचारलं, “ताई, मार बसताना तुम्ही कशा ओरडता?”

“काय म्हाईत? मी कधी वरडलेच न्हाई,” कणीक मळता मळता मंगल म्हणाली.

पाचव्या दिवशी सगळं युनिट मागच्या मळ्यात जेवायला गेलं आणि तिच्या नवऱ्याने, सुनीलने, आतून कडी घातली. लग्नाच्या बारा वर्षांत मंगल त्या दिवशी पहिल्यांदा ओरडली. अगदी हिरोईनसारखी.



बाहेरून शेजारच्या साळुबाईंचा दबका आवाज आला, “भाऊ, तेवढा टॅक्टर बंद करा. आत शूटिंग चालू हाय.”