इस्त्रीतलं पाणी

दार उघडलं ते सासऱ्यांनी, हातात इस्त्री धरून. सून दोन दिवस बहिणीकडे राहून परतली होती, पिशवी अजून खांद्यावरच होती. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. त्यांनी इस्त्रीची टाकी थेट तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"पाणी तसंच आहे," ते म्हणाले. "दोन दिवस झाले, ती आलीच नाही."

चूक सुनेचीच होती, आणि तीही चांगुलपणाच्या नादात झालेली. सासूबाई होत्या तोवर गुडघे दुखत असले तरी इस्त्री त्याच करायच्या आणि पाण्याचा कारभार सासऱ्यांकडे असायचा. नळाचं पाणी जड, त्यानं वाफेची भोकं क्षारांनी बुजतात. नुसतं डिस्टिल्ड घातलं तर इस्त्री गळते. म्हणून निम्मं हे, निम्मं ते, औषधाच्या मापानं मोजून. यावरून दुकानदाराशी त्यांनी तासभर हुज्जत घातली होती. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, इतकं मोजून तर मला कधी औषधही दिलं नाहीत. त्या गेल्या, कपडे बाहेर इस्त्रीला जायला लागले, तरी म्हातारा रोज दुपारी टाकी भरतच राहिला.

आणि सून रोज संध्याकाळी ती रिकामी करत राहिली. पाणी आत राहिलं की गंज धरतो, हे सासूबाईंनीच तिच्या डोक्यात घालून ठेवलेलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं? पण एका सकाळी सासरे रिकामी टाकी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि हळू आवाजात म्हणाले की बघ, ती येऊन गेली, सगळं पाणी वापरलंय तिनं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तिनं त्यांच्यापुढे ताट वाढलं. कित्येक महिन्यांनी म्हातारा त्या दिवशी पोटभर जेवला.

तेव्हापासून चोरासारखं चाललं होतं. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात ही दोघंच. आवाज जाऊ नये म्हणून ती नळ मोठा सोडायची आणि टाकी पालथी करायची. मनगट वळवायची ती तऱ्हासुद्धा सासूबाईंचीच. ओतताना हल्ली तिचं तिलाच कळेनासं झालं होतं, हा हात नक्की कुणाचा. बहिणीकडे ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि तिनं ठरवूनच टाकलं. पुरे झालं. गेल्या गेल्या सांगून मोकळं व्हायचं.

"बाबा," ती म्हणाली, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

सासरे ऐकायला थांबले. दाढी वाढलेली, सदरा परवाचाच. मागे टेबलावर तिनं करून ठेवलेलं जेवण झाकलेलं तसंच होतं.

"तिच्याशी माझं काही चुकलं का गं?" त्यांनी विचारलं. "तुला काही बोलली होती?"

पाणी मीच ओतत होते. चारच शब्द, अगदी ओठांवर होते.

"आई माझ्याबरोबर होत्या," ती म्हणाली.

म्हणून बसली, आणि अंगावर काटा आला तिच्या. सासऱ्यांनी मात्र सुटल्यासारखा श्वास टाकला. असं होय, म्हणाले, मग निदान सांगून तरी जायचं. चेहऱ्यावर जरा रंग आला. ते बाजूला झाले. सून अंग चोरून आत शिरली, पिशवी खाली ठेवली आणि दार लागायची वाट पाहत राहिली.

दार लागेना. तिनं वळून पाहिलं. सासरे कडी धरून तसेच भिंतीला टेकून उभे होते, गुडघे दुखणारं माणूस उंबरा ओलांडून आत येईल तेवढा वेळ. मग त्यांनी अलगद दार लावलं. त्यांची नजर सावकाश खोलीभर सरकत आली आणि सुनेच्या अगदी शेजारी येऊन थांबली.