बिनपंखी शिंपीण

फ्रिजच्या मागून ‘खर्र’ असा आवाज आला आणि सकाळपासून गप्प असलेलं स्वयंपाकघर जागं झालं.

“तुझी पाहुणी उठली,” नवरा चहा गाळता गाळता म्हणाला. “या घरात माझ्यापेक्षा तिचा थाट जास्त.”

ती हसली. फ्रिजचं दार जोरात लागलं की मागच्या डब्यातली बाई मागचे पाय पोटाला घासून असा निषेध नोंदवायची. रातकिड्याच्या गोतातली, अंगठ्याएवढी मादी. तोंडातून रेशमाचा धागा काढून पान शिवायची आणि दिवसभर त्या पुडीत पडून राहायची. म्हणून सहा वर्षांच्या भिंगरीनं, तिच्या लेकीनं, तिला शिंपीणबाई म्हणायला सुरुवात केली होती.

एरवी तिला नाव नव्हतं. भिंगरीनं दिलेलं तेवढंच, शास्त्राच्या जगात नव्हतंच. आज मिळणार होतं. दुपारी बाराला शोधपत्रिकेचा अंक निघणार होता आणि त्यात सात पानं तिची होती.

पाळणाघराच्या मागच्या भिंतीवर भिंगरीच्या आईला अशा दोन माद्या सापडल्या होत्या. लेकीला आणायला गेली आणि लेकीला विसरून भिंतीपाशीच उकिडवी बसली. या वंशातल्या आजवर नोंदलेल्या साऱ्या जातींना शेपटीपलीकडे जाणारे लांब पंख. या दोघींच्या पाठीवर मात्र तांदळाच्या दाण्याएवढे दोन कोंब, बस. एक मादी स्पिरिटमध्ये गेली आणि मग संग्रहालयात टाचणीवर लागली. दुसरी जाळीच्या डब्यात घालून तिनं घरी आणली.

संग्रहालयात ती चार वर्षांच्या खंडानंतर कामावर परतली होती. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, माश्यांवर काम करणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कीटकांचे पाय किती ते आठवतंय ना. सगळे हसले. तीही हसली, आणि तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं, उत्तर कामानंच द्यायचं.

लेक झोपली की ती लिहायची. वरण शिजेपर्यंत पायांवरचे काटे मोजायची. भाजीच्या यादीमागे आकृत्या काढायची. त्या सात पानांत घरातल्या एकूण एक डुलक्या जमा होत्या.

शेवटचा शब्द विभागप्रमुख बाईंचा. बाईंनी भिंगाखाली नमुना धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“अंडी घालायची नळी फार मऊ आहे गं,” त्या म्हणाल्या.

“स्पिरिटमध्ये होती, बाई. मऊ पडणारच.”

“पूर्ण वाढलेली आहे ना, नक्की?”

तिच्याकडे उत्तर तयार होतं. घरची मादी तीन महिने डब्यात आहे, खातेपिते, पण एकदाही कात टाकलेली नाही. वाढीचा किडा इतके दिवस एका कातीत राहील का?

“थंडीचे दिवस आहेत, कात लांबतेही,” बाई पुटपुटल्या. “आणखी एक उन्हाळा थांबतेस का?”

“चार वर्षं थांबलेच आहे, बाई.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

डबा तेव्हा मागच्या गॅलरीत असायचा. पंधरा दिवसांपूर्वी भिंगरीनं तो उचलून फ्रिजच्या मागे, गरम हवेशी नेऊन ठेवला. शिंपीणबाईला थंडी वाजते, असं तिचं म्हणणं. स्वतःला आखूड झालेला स्वेटरही तिनं डब्याला गुंडाळला. शेवटची मुद्रितं तपासण्याच्या घाईत आईनं खाणंपाणीही तिच्यावरच सोपवलं होतं.

“आई, शिंपीणबाई जेवत नाही. आठ दिवस झाले, दार शिवून बसलीये.”

“तिलाही कंटाळा येत असेल,” कागदावरून मान न उचलता आई म्हणाली होती.

बाराला अंक निघाला. संग्रहालयात सगळे संगणकाच्या पडद्याभोवती जमले. तिचं नाव, त्यापुढे जातीचं लॅटिन नाव. त्याचा अर्थ तिनं भिंगरीला कधीच सांगून ठेवला होता: बिनपंखी. बाईंनी नमुन्याच्या टाचणीला स्वतःच्या हातानं लाल चिठ्ठी लावली. आता जगात कुणालाही ही जात पडताळायची असेल, तर याच टाचणीपाशी यावं लागणार होतं.

नवरा भिंगरीला शाळेतून थेट तिकडेच घेऊन आला. कुणीतरी तिला स्टुलावर उभं केलं. तिला अख्खं वाक्य पाठ होतं. आई रोज पुटपुटायची तेच.

“पूर्ण वाढ झाल्यावरही हिला पंख फुटत नाहीत,” भिंगरी खणखणीत म्हणाली, “हीच हिची ओळख.”

टाळ्या पडल्या. माश्यांवाले गृहस्थ जागेवरून उठले, तिच्यापुढे हात करून म्हणाले की मी शब्द मागे घेतो. नवऱ्यानं तिचा रुमाल शोधून दिला, तो नेहमीप्रमाणे भिंगरीच्या दप्तरात निघाला.

घरी परतताना ती तिघं उगाचच दोन गल्ल्या जास्त चालली. दारात चपला निघतात न निघतात तोच भिंगरी स्वयंपाकघरात पळाली. शिंपीणबाईला तिचं नाव सांगायचं होतं.

आई चौकटीला टेकून उभी राहिली. याच चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा होत्या. भिंगरी शेवटच्या रेघेच्या कधीच वर गेली होती. आज नवी काढायला हवी, असं तिच्या मनात आलं, आणि ती पेन्सिल शोधू लागली.

भिंगरी डबा छातीशी धरून आली. पाऊल अगदी हळू टाकत होती. पानाची पुडी उसवली होती. तळाशी कागदासारखी पातळ, रिकामी कात पडली होती. आणि जाळीला उलटी लटकून शिंपीणबाई तिचे दुधी, ओले, शेपटीच्याही पलीकडे पोचलेले पंख वाळवत होती.

“आई,” भिंगरी कुजबुजली, “आता हिचं नाव काय?”